दहा वर्षांचा आल्वार

“आता तू दहा वर्षांचा आहेस,” तूवा आल्वारला म्हणाली, “आणि तुझी पार तंतरलेली आहे.”

व्यायामशाळेत एकच हशा पिकला. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या शाळांमधले हे मास्तर आणि बाया, पोरांना सायकल आणि स्केटबोर्ड कसं शिकवायचं ते शिकायला जमलेले. आणि रीत अशी, की निम्म्यांनी शिकवायचं, निम्म्यांनी पोरं व्हायचं. त्यांना शिकवणारी तूवा जेमतेम पंचविशीची. आल्वार साठीला टेकलेला. तो पोरांना सायकल शिकवायला लागला तेव्हा तूवाचा जन्मही झाला नव्हता.

“आल्वार आणि घाबरणार?” यॉर्गन नावाचा उंचेला मास्तर वेलदोड्याचा पाव चावत ओरडला. “दुसरं काहीतरी द्या त्याला!”

आल्वार हसला. हसण्यावाचून काय करणार बिचारा! गेल्या हिवाळ्यात बर्फावर सायकल घसरून त्याचा खुबा मोडला होता. खुबा सांधला, धीर काही सांधला नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी हेल्मेट घालून निघायचा आणि सायकल हातात धरून चालत शाळा गाठायचा. कोपऱ्यावर पोरं भेटली की म्हणायचा, आत्ताच उतरलो बघा. आज चाकांवर उभं राहता आलं नाही, तर वसंतातला त्याचा सायकलीचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाणार होता. आणि तो वर्ग सोडला तर त्याच्याकडे उरलं होतं काय?

बाई व्हायची पाळी गुनिल्लाची होती. एरवी ती गाणं शिकवायची. तिने स्केटबोर्ड त्याच्या पायाशी ठेवला. “चढ बाळा. काही होत नाही.”

“ए, थांब!” तूवा म्हणाली. “हे म्हणायचं नाही. होतं ना! पोरं पडतात. तू थाप मारलीस, की पुन्हा तुझं कोण ऐकणार?”

गुनिल्लाने जीभ चावली. मग त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, “बरं. कशाची भीती वाटते तुला?”

आल्वारला वाटलं, दोन वाक्यं बारक्या आवाजात म्हणायची की सुटलो. “पडायची,” तो ओठ काढून म्हणाला. सगळे हसले. पण पुढचं आपोआपच बाहेर पडलं. “पडलो की उठता येत नाही. हाका मारल्या तरी कुणी येत नाही. आणि येतात ते नुसते बघत उभे राहतात.”

“वा रे पठ्ठ्या!” यॉर्गनने टाळी वाजवली. “नाटकात का नाही गेलास?”

आल्वारला एकदम हलकं वाटलं. सख्ख्या बहिणीलाही जे सांगवलं नव्हतं, ते त्याने भर सभेत सांगून टाकलं होतं, आणि कुणाला पत्तासुद्धा नव्हता!

“दे हात,” गुनिल्ला उठत म्हणाली. तिने त्याचे दोन्ही हात धरले मात्र, तिचं हसू मावळलं. त्याचे तळवे घामाने भिजले होते. तिने पकड तेवढी घट्ट केली.

त्याने एक पाय ठेवला. बऱ्याच वेळाने दुसरा. चाकं जराशी सरकली. पण तो उभा होता.

तूवाची शिट्टी वाजली. “झकास! वेळ संपली. आता उलटं करा. आल्वार, तू मास्तर. गुनिल्ला, तू पोरगी. सोडा हात.”

दोघांपैकी कुणीच हललं नाही.

“अरे आल्वार, संपला खेळ!” यॉर्गन म्हणाला. “मोठा हो आता.”

“सोडू नकोस, गुनिल्ला,” आल्वार म्हणाला. आता आवाज त्याचा स्वतःचा होता. “मी नाटक करत नव्हतो.”

हसणं थांबलं. तूवाच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. यॉर्गनने उरलेला पाव खिडकीत ठेवला, हात पँटला पुसले आणि तो आल्वारच्या बाजूला येऊन उभा राहिला.

“मी पण धरू का रे?” त्याने विचारलं.