मागे बघणारा मासा

"ह्यो खंयसून इलो?" सत्यवानाने एक लाकडी मासा उचलून विचारले.

बाबलीने लगेच वर पाहिले नाही. मालवणच्या बंदरावर, वडाच्या सावलीत त्याने पोते अंथरून गळ, दोरे आणि शिशाच्या गोळ्या मांडल्या होत्या. कडेला चार-पाच लाकडी मासे होते. असला मासा दोरीला बांधून खाडीत ओढला की चोणक त्याला खरा समजून झडप घालतो.

"खंयसून म्हंजे? करतत लोक," बाबली म्हणाला. "तू कधी इलंस रे? कालच्या बोटीन? भैनीच्या लग्नाक इलंस तर घराकडे जा. हंय काय करतंस?"

"बाबलीकाका, ह्यो माझ्या बापाशीचो मासो."

बाबलीची बोटे दोऱ्यात अडकली. "असले मासे सगळेच करतत," तो पुटपुटला.

सगळे करत नव्हते. सत्यवानाचा बाप धोंडू पांगाऱ्याचे लाकूड चुलीवरच्या माळ्यावर वाळवी. कोयत्याने आकार काढून खरवतीच्या खरखरीत पानाने घाशी, इतके की हात फिरवला तर लोणी वाटावे. पाणी शिरू नये म्हणून काजूच्या सालीचे तेल पाजी. खवल्यांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर रोगण. सगळ्यांत शेवटी गुंजेचे डोळे, तेही इतरांपेक्षा जरा मागे. "पळणारो मासो मागे बघता," असे तो म्हणे. मागे बघणारा मासा या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणी केला नव्हता.

माशाच्या पोटात शिसे ओतताना एकदा ते उकळते शिसे धोंडूच्या बोटावर सांडले होते. कातडी करपल्याचा वास आला, पण त्याने हात मागेसुद्धा घेतला नाही. पोरगा सत्यवान बापाकडे बघतच राहिला होता. शेवटच्या वर्षी तर धोंडू घर सोडून आगरातल्या मांगरात, त्या खोपटातच राहायला गेला. जेवणही तिथेच. मासे करायला निवांतपणा लागतो, म्हणे.

मग एका संध्याकाळी तो बाबलीबरोबर होडी घेऊन गळाने मासे गरवायला गेला आणि बाबली एकटाच परत आला. खडकाजवळ लाट आली, धोंडू गेला, लाकडी माशांची पिशवी त्याच्या गळ्यातच होती, तीही गेली, असे बाबलीने साऱ्या गावाला सांगितले. देह मिळाला नाही. सत्यवानाने दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला आणि वर्षभरात मुंबईला गिरणीत लागला.

पिशवी बुडाली, तर तिच्यातला मासा पोत्यावर कसा आला?

सत्यवानाने तो खिशात टाकला. बाबलीने अडवले नाही. हेच त्याला जास्त खटकले.

घरी येऊन त्याने मासा नीट पाहिला. शेपटीजवळ घासकाम ओबडधोबड होते, एक डोळा वाकडा बसला होता. पिशवी हिसकावताना खरवडला असेल.

तिन्हीसांजेला बाबली परसात आला. सत्यवान केळीच्या आड उभा राहिला. त्याच्या आईने, सुभद्राने, फडक्यात बांधलेला डबा बाबलीच्या हातात दिला.

"तिरफळा घालून बांगडो केलंय," ती हळूच म्हणाली. "गरम आसा तोवर जाऊंदे."

"त्येना मासो उचलल्यान," बाबली कुजबुजला.

"माका ठावक होता. एक दिवस ह्या होतला."

बाबलीच्या घरी बायको होती, दोन सुना होत्या. त्याला हिच्या हातचा बांगडा कशाला? मुंबईला निघताना शेजारच्या नर्मदाकाकूने मारलेला टोमणा सत्यवानाला आठवला. "तुझ्या आवशीची काळजी करू नको हां. बाबली बरो जपता!" तेव्हा तो तिच्यावर भडकला होता.

बाबली गेल्यावर तो स्वयंपाकघरात शिरला. बहीण शेवंती पुढच्या पडवीत लग्नाच्या साड्या घड्या करून ठेवत होती. सुभद्रा तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळे, हातात बांगडी नाही.

"आये, बाबलीन बाबांका मारल्यान," तो म्हणाला. "आणि तुका ता ठावक आसा."

ती सूप हलवत राहिली. "हळू बोल. भायर पोर आसा."

"उद्या सकाळी मी चौकीत जातंय."

"लगीन जाऊंदे, सत्या. तिच्या सासरची धामापूरची माणसा लय चौकस. उद्या घरात पोलीस इले तर तेंच्या पाठोपाठ सगळाच भायर येतला. शेवंतीक मगे कोण करून घेतलो?"

"सगळा म्हंजे काय? तुझा आणि बाबलीचा?"

सुभद्राच्या हातातले सूप थांबले. तिला राग आला की हसू, त्याला कळेना.

"जेवणाचे डबे कित्याक जातत तेका?" त्याचा आवाज चिरकला. "बापूस मेलो, तेची पिशवी हेना लुटल्यान, आणि तू तेका बांगडे रांधून घालतंस!"

त्याने खिशातून मासा काढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

सुभद्रा इंगळ पडावा तशी उठली. तांदूळ जमिनीभर उधळले. पदराच्या टोकाने मासा उचलून तिने चुलीत लोटला, सत्यवानाचे मनगट धरले आणि त्याला ओढत न्हाणीत नेले. हंड्यातले कढत पाणी त्याच्या हातांवर ओतून ती राखेने घासू लागली, तळवे, बोटे, नखांच्या कडा.

"आये, भाजता! काय करतंस?"

"धू. आजून धू. शेवंतीच्या साड्यांक हात लावलंस काय रे?"

"नाय. पण कित्याक?"

तिने तांब्या खाली ठेवला. पडवीतून शेवंतीचे गुणगुणणे ऐकू येत होते. सुभद्राने त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पुटपुटली,

"बोटां झडाक लागली तेंची, तरी मासे करूचे काय सोडणत नाय."