निरोपाचे टॉवेल

स्टेडियमच्या खानावळीत इसोगाईने उदोन शेवयांच्या वाडग्यातून मान वर केली, तेव्हा समोर एक पोरगा कमरेत वाकून उभा होता. पाहुण्या संघाचा गडद निळा शर्ट आणि छातीशी मिठाईचा खोका.

"मी कुसाका. आज तुमच्यासमोर पहिला फलंदाज मीच आहे, इसोगाईसान. तिन्ही चेंडूंवर मनापासून बॅट फिरवीन आणि तिन्ही चुकवीन."

"चुकवायलाही मन लावावं लागतं होय रे?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. खोका टेबलावर ठेवून तो पुन्हा वाकला आणि निघून गेला.

रीतच होती तशी. बेसबॉलमधला नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, निवृत्त होतो, त्या दिवशी तो फक्त पहिल्या फलंदाजाला चेंडू टाकतो. फलंदाज तीनदा हवेत बॅट फिरवून बाद होतो आणि पिचर टोपी काढून मैदानाचा निरोप घेतो. हे सगळं ठरवून होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डोळे तरीही भरून येतात.

शेजारी हाता बसला होता. हाता म्हणजे वर्षानुवर्षं इसोगाईचे चेंडू झेलणारा कॅचर. एरवी त्याने त्या पोराची यथेच्छ टिंगल केली असती, पण आज तो पोरगा गेला त्या दाराकडे बघत बसला होता.

"काय झालं रे?"

"या पोराची सरासरी काठावर आहे. दहात तीन वेळा मारतो, बरोब्बर तेवढंच. हंगामाचा शेवटचा सामना आहे. आज बाद झाला की खाली घसरला, मग पुढच्या वर्षी संघात ठेवतात की नाही देव जाणे. सरासरी राखायला त्याचे साहेब त्याला आज बाहेर बसवणारच होते. यानंच हट्ट धरला, इसोगाईसानसमोर एकदा उभं राहू द्या, मग खुशाल बसवा. लहानपणी तुझा फोटो उशाशी लावून झोपायचा म्हणे."

"गाढव आहे."

"आहेच," हाता म्हणाला.

इसोगाईने वाडगा बाजूला सारला. उदोन अर्धा उरला होता.

संध्याकाळी तो मैदानात आला, तेव्हा प्रेक्षकांत जिकडेतिकडे टॉवेल पसरले होते. क्लबने मुद्दाम छापून विकलेले. त्यावर लिहिलं होतं, 'वीस वर्षं. एकालाही चेंडू लागला नाही.' खोटं नव्हतं ते. इसोगाईकडे वेग कधीच फारसा नव्हता. जे होतं ते नेमावर. दुसऱ्या कशाचा नसेल इतका त्याला त्या ओळीचा अभिमान होता. बायकोने, कियोएने, नातेवाइकांसाठी डझनभर टॉवेल घेतले म्हणून तो तिच्यावर डाफरला होता. पण त्यातला एक त्याने गुपचूप स्वतःच्या पिशवीत टाकला होता.

पहिला चेंडू बाहेरून गेला, चांगला हातभर. तो सोडायचा असतो. चार असे सोडले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, जातो. पण कुसाकाने बोलल्याप्रमाणे बॅट फिरवली. एक स्ट्राइक, म्हणजे तीनातली एक संधी गेली. लोकांनी प्रेमाने टाळ्या दिल्या.

दुसरा त्याहून लांब गेला. कॅचरला आडवं पडून तो अडवावा लागला. कुसाका बॅट घेऊन त्याच्यामागे असा झेपावला की त्याचं हेल्मेटच पडलं. दोन. आता लोक हसायला लागले. म्हाताऱ्याचा हात गेला म्हणायचा, बरं झालं वेळेवर थांबतोय, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

कॅचरने खूण केली, मधोमध टाक. इसोगाईने नकारार्थी मान हलवली. कॅचरने तीच खूण पुन्हा केली. इसोगाईने पुन्हा मान हलवली आणि पायाशी पडलेली, हात कोरडा ठेवायच्या पावडरची पुरचुंडी उचलली. ती त्याने तळहातावर इतका वेळ आपटली की हात पांढराफटक झाला. मग त्याच हाताने त्याने चेंडू चोळला.

तिसरा चेंडू सरळ कुसाकाच्या अंगावर आला. कुसाकाने दचकून पोट आत ओढलं. बॅट खांद्यावरच राहिली.

उंच धरलेले टॉवेल हळूहळू खाली आले.

"नाही लागला!" कुसाका पंचांकडे धावला. "शपथेवर सांगतो, मला लागलाच नाही!"

पंचांनी त्याच्या बरगडीजवळ, शर्टाच्या सैल कापडाकडे बोट दाखवलं. गडद निळ्यावर पांढरी खूण उमटली होती. "कपड्याला लागला तरी लागलाच," पंच म्हणाले. "जा, पहिला बेस तुझा."

चेंडू लागून मिळालेला बेस, चार चेंडू सोडून मिळालेल्यासारखाच, सरासरीत धरत नाहीत. फलकावर कुसाकाचा आकडा होता तिथेच राहिला.

इसोगाई पिचरच्या उंचवट्यावरून उतरला. टोपी काढून, चेंडू लागलेल्या माणसाची माफी मागायला तो पहिल्या बेसकडे गेला आणि सगळ्यांदेखत त्याच्यासमोर वाकला. कुसाका त्याच्याहून खाली वाकला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली ठिबकत होतं.

"तुमची वीस वर्षं गेली, इसोगाईसान," तो पुटपुटला. "आणि अंगाला तर खरंच लागला नव्हता."

"लागेल कसा?" इसोगाई वाकल्या वाकल्याच म्हणाला. "नेम शर्टावर धरला होता."