नाकारण्याचं कारण

“ही गोळी नको, सिस्टर. दुसरी द्या. हिची सवय लागते.”

गुडघ्याचं ऑपरेशन झालेले साहेब स्पेशल रूममध्ये कण्हत म्हणाले. मी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. गोळी त्यांच्याच औषध कंपनीत बनलेली होती; साहेब तिचे मालक. माझ्या नवऱ्याच्या, प्रल्हादच्या पाठदुखीवर डॉक्टरांनी हीच लिहून दिली होती. कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, सवय लागत नाही. दोन वर्षं झाली. आता ड्युटीवर निघताना मी प्रल्हादला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावते. नाहीतर तो गोळीसाठी घरातली भांडीसुद्धा विकून येतो.

“औषध नाकारलं की कारण लिहून पेशंटची सही घ्यावी लागते,” मी म्हटलं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी वाचलं. कण्हणं एकदम थांबलं.

“हे खोडा.”

“नाही खोडणार. कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत, हिची सवय लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. एवढी एक सही करा, साहेब. पाया पडते तुमच्या.”

मी खरंच वाकले. ऑपरेशन न झालेला पाय त्यांनी चादरीखाली ओढून घेतला. मग माझ्या हातातलं पाकीट घेऊन स्वतःच गोळी काढली, तोंडात टाकली आणि घटाघटा पाणी प्यायले.

“घेतली म्हणून लिहा.”

मी लिहिलं.

“पुढची सहा तासांनी,” मी म्हटलं. “कागद घेऊनच येते.”