तिसरा पेला

शेवगावचे आप्पासाहेब कारखान्याच्या सहलीबरोबर गोव्याला निघाले, तेव्हा बायकोला, गोजरबाईंनाही सोबत घेऊन गेले. तिथं समुद्राकाठी खाण्याची आणि वाइनची जत्राच भरली होती. तळलेल्या माशांच्या वासाने गोजरबाईंनी नाकाला पदर लावला. आप्पासाहेब मात्र एका दुकानापुढं बसून लालभडक पेल्यामागून पेला रिचवू लागले. तिसऱ्या पेल्याला ते डुलतच बायकोकडं वळले.

"गोजर, लई राबलीस गं माझ्या घरात. तुझ्यासारखी बाई पंचक्रोशीत न्हाई."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. वाइन चढली म्हणून गोजरबाई घाबरल्या, पण गालातल्या गालात लाजल्याही.

दुकानदारीण गोजरबाईंच्या कानाशी येऊन हसली, "अहो, वाइनचं दुकान पलीकडे आहे. हे कोकमाचं सरबत!"

"गप ऱ्हावा बाई, त्यास्नी सांगू नका," गोजरबाई घाईने म्हणाल्या. "आनखी एक पेला द्या."

परत आल्यावर शेवगावच्या स्टँडवर आप्पासाहेबांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि इकडंतिकडं बघत बायकोच्या हातात दिली.

"कोकमाचं सरबत हाय. घरात असू दे. मला लई चढतं ते."