वीस भाग तांबं, एक भाग चांदी

"पाव करपतोय, बाई," शिपायांचा नायक मातुरुस म्हणाला.

"करपू द्या. आमच्या ह्यांना करपलेलाच आवडतो," विटालिया म्हणाली. "आता तुम्ही ह्यांनाच नेलंत, तर खायला कोण उरणार म्हणा!"

तिचा आवाज कापत होता, आणि ते काही नाटक नव्हतं. तिचा नवरा उर्सिओ खोटी नाणी पाडतो, अशी बोंब सकाळीच रोमन साम्राज्यातल्या लुग्दुनुम शहराच्या तांबट गल्लीत उठली होती. खोटं नाणं पाडणारा सरळ आखाड्यात जायचा, श्वापदांपुढे. शिपायांनी घर उलटंपालटं केलं, तेव्हा सापडली फक्त थैलीभर नाणी.

"कढया विकून मिळालीत, साहेब," उर्सिओ कसाबसा म्हणाला.

सोबत आलेल्या पारख्याने, म्हाताऱ्या लेन्तिनुसने, एक नाणं उचललं. एका बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला खाली खूण, वीस आणि एक. वीस भाग तांबं, एक भाग चांदी.

"खूण काय, कोणीही कोरेल," तो म्हणाला. "वितळवलं की कळेल." त्याने शेगडीवर दोन मुशी ठेवल्या. पडताळ्यासाठी मातुरुसच्या पगारातलंही एक नाणं मागून घेतलं.

विटालियाने घरच्या देवांना मधाची पोळी बोलली. वाट बघता बघता तिचा जीव टांगणीला लागला.

शेवटी लेन्तिनुसने मान वर केली. "याची चांदी पुरेपूर आहे. खुणेप्रमाणे."

"आणि माझ्या नाण्यातली?" मातुरुसने विचारलं.

"कमी भरली रे."

"अहो, माझं तर थेट टांकसाळीतून आलंय!"

"मग जरा हळू बोल."

मातुरुस ओशाळला. "माफ कर, उर्सिओ. मेल्या शेजाऱ्यांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही." जाता जाता तो दारात घुटमळला. "माझी चार नाणी बदलून देतोस का?"

उर्सिओने आनंदाने बदलून दिली.

दार लागलं तशी विटालिया मटकन खाली बसली. आधी रडली, मग हसत सुटली. किती हलकं वाटत होतं! मग तिने भट्टीतून तो कोळसा झालेला पाव ओढून काढला आणि दगडावर आपटला. दोन लोखंडी ठसे खणकन बाहेर पडले. एकावर सम्राटाचं उलटं तोंड होतं.

"आणि तुम्ही म्हणत होतात," ती डोळे पुसत म्हणाली, "चांदी जरा कमी घालू या!"