जोडी

“ताई, त्या नकारघंटेच्या शब्दावर तुम्ही बाहेर बसलात?” फोनवर प्रतोदांचा आवाज चिरकला. पक्षाची मतं मोजायची आणि राखायची हे त्यांचं काम, आणि आज मतं काठावर होती.

“बसले,” वकीलबाई म्हणाल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात फोन, अशा त्या इस्पितळाचा जिना चढत होत्या. “माणूस आजारी आहे. जोडी लावलीये.”

जोडी ही सभागृहातली जुनी रीत. एका बाजूचा आमदार अंथरुणाला खिळला, की समोरच्या बाजूचाही एक जण मतदानाला बाहेर बसतो. वजाबाकी दोन्हीकडे सारखी. कुठल्या नियमात नाही, शब्दावर चालतं.

“आजारी कसला, सोंग आहे सोंग! विधेयक तुमचं, उभा जन्म घातलात त्यात. अपक्षांना धरून कशीबशी एका मताची आघाडी आहे. तो येऊन ‘नाही’ म्हणाला की बरोबरी. आणि बरोबरी झाली की अध्यक्ष विधेयक पाडतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं? यात भावना आणू नका, असं कालच म्हटलं होतं मी.”

“शब्द मोडायचे नाहीत ते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नकारघंटा हे नाव सभागृहानंच ठेवलेलं. विरोधकांनी काहीही मांडलं, की सत्ताधारी बाकावरून यांचा ‘नाही’ सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. एकदा विरोधकांनी सभागृहात पंखे वाढवा म्हटलं, तर डुलकीतून दचकून ‘नाही’ म्हणाले, आणि मग दुपारभर घाम पुसत बसले.

दोघांची गाठ पहिल्यांदा पडली ती कोर्टात. वकीलबाई तेव्हा नव्या, कोट अजून खांद्यावर न बसलेला. त्यांची अशील एक म्हातारी. शिवणकाम करून राहत्या खोलीचं भाडं भरायची. घरमालकाला खोली हवी होती आणि मालकाचे वकील हे. म्हातारीला वकील मिळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. दावा चहा निवायच्या आत निकालात निघाला.

खोली रिकामी झाली त्या दिवशी जिंकलेला वकील तिथं हजर होता. बाह्या सरसावून त्यानं म्हातारीचं शिलाई मशीन उचलून हातगाडीवर ठेवलं आणि वकीलबाईंकडे वळून म्हणाला, “बाजू तुमचीच बरोबर होती. कायदा चुकीचा आहे. पण तो कोर्टात बदलत नाही हो. त्यासाठी पलीकडच्या इमारतीत जावं लागतं.”

जखमेवर मीठ चोळलं म्हणून त्या भडकल्या. भडकल्या आणि निवडणुकीला उभ्या राहिल्या. दोनदा आपटल्या, तिसऱ्यांदा आल्या. पाहतात तो समोरच्या बाकावर हेच.

आजचं विधेयक त्या म्हातारीचंच होतं: वकील दिल्याशिवाय कुणालाही राहत्या घरातून काढायचं नाही.

वॉर्डाच्या दारात नर्सनं अडवलं. नवी असावी. “आत्ता फक्त घरच्यांना सोडतात. तुम्ही यांच्या कोण?”

“विरोधी पक्ष.”

नर्सला हसू आलं, पण ते टिकलं नाही. “मग तुम्हीच शोधा त्यांना. सलाइन काढायला लावलं, कोट चढवला, चाकाची खुर्ची मागवली आणि निघाले. डॉक्टरांनाही जुमानलं नाही. ‘मतदान आहे,’ म्हणे.”

खाट रिकामी होती. वकीलबाईंनी चुरगळलेली चादर सारखी केली, उशीखाली हात घालून लपवलेली बिस्किटं काढली आणि स्टुलावर बसल्या. सभागृह गावाच्या दुसऱ्या टोकाला. आता धावून उपयोग नव्हता. डबा मांडीवर तसाच गरम होता.

फोन वाजला. “सांगितलं नव्हतं?” प्रतोद जवळजवळ रडत होते. “आलाय तो! खुर्चीत बसून, ऐटीत. आणि आपला एक जण आत्ताच उठून बाहेर गेला. मेलो आपण, ताई.”

वकीलबाई बिस्किटाचा पुडा उघडत होत्या, मिटत होत्या.

पुन्हा फोन वाजला, तेव्हा पलीकडे नुसता गलका. मग प्रतोद, धापा टाकत: “झालं, ताई! झालं मंजूर! एका मतानं! पण मत कुणाचं, तुम्हाला खरं वाटायचं नाही...”

खुर्ची परत आली तेव्हा नकारघंटेचा चेहरा चादरीसारखा पांढरा होता. नर्स तोंडाचा पट्टा चालवत त्यांना खाटेवर निजवत होती. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“राग आला?” त्यांनी खाटेवरून विचारलं.

“जोडी लावली होती. शब्द होता.”

“होता. पण काल आमची मंडळी फळं घेऊन आली आणि हसत हसत सांगून गेली, तिकडचा एक गळाला लागलाय, मतदानाला उठून जाईल. पक्षातली गोष्ट बाहेर फोडता येत नाही. जाता तर येतं ना?”

“आता पक्ष ठेवेल?”

“न ठेवो. ते मशीन जड होतं फार. अजून पाठ दुखते.”

वकीलबाईंना डोळे पुसायला पदर सापडेना. “अख्ख्या जन्मात पहिल्यांदा ‘होय’ म्हणालात,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“दुसऱ्यांदा.”

“मग पहिल्यांदा कधी?” सुई शोधता शोधता नर्सनं विचारलं.

“लग्नाला,” ते म्हणाले. “तेव्हाही प्रस्ताव हिचाच होता.”