लंडनच्या मुलाची चौकशी

वेटरनं वाइनची यादी पुढे केली, तसा पद्मिनीनं टेबलाखाली नवऱ्याचा पाय दाबला. आता बघ, असा त्याचा अर्थ होता.

"मला नको," शैलेंद्र म्हणाला. "तुम्ही घेणार असाल तर घ्या ना, काका."

श्रीरामला घ्यायची फार इच्छा होती. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि कोक मागवला.

पद्मिनीनं मनातल्या मनात शैलेंद्रला एक मार्क दिला आणि लगेच काढूनही घेतला. इतकं सोपं असतं, तर मागच्या वेळी घोळ झालाच नसता.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. सुरुवातीच्या काळात नागपूरहून, पुण्याहून सारखी पत्रं यायची. अमका मुलगा तुमच्या अमेरिकेत आहे, जरा बघून घ्या. पितो का, खातो का, कुणी गोरी ठेवली आहे का. पद्मिनी हौसेनं बघायची आणि पानभर लिहायची. १९७९ साली तिनं सख्ख्या भाचीसाठी, सुलभासाठी, असाच एक मुलगा बघितला. गणपतीला भेटला, खड्या आवाजात सगळ्या आरत्या पाठ म्हणाला. दुसऱ्याच दिवशी हिनं बहिणीला लिहून टाकलं, डोळे झाकून मुलगी द्या.

त्या मुलाचं इथे आधीच एक लग्न झालेलं होतं. सुलभाला ते कळायला आठ महिने लागले. ती निघून गेली, पुढे घटस्फोटाची रीतसर कागदपत्रं झाली. आता ती कुठे असते ते नागपूरचं कुणी सांगत नव्हतं, आणि विचारायला पद्मिनीला तोंड नव्हतं. सहा वर्षांत तिनं पुन्हा कुणाच्याही मुलाची चौकशी केली नव्हती.

आणि गेल्या महिन्यात सुलभाच्या धाकट्या बहिणीचं, लताचं, पत्र आलं. 'मावशी, शैलेंद्र देव नावाचा लंडनचा मुलगा कामासाठी ह्यूस्टनला येतो आहे. त्याला जेवायला ने, नीट पारख आणि खरं मत कळव. आईजवळ एवढ्यात बोलू नकोस.'

पद्मिनी ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात रडली होती. पोरीनं अजून आपल्यावर विश्वास टाकावा, हेच तिला पुष्कळ होतं.

शैलेंद्रचा फोन आला तो थेट 'मावशी' म्हणतच. इथे सगळे तिला काकू म्हणत. लताचं बघून म्हणत असेल, असं तिला वाटलं, आणि आवडलंही. इटालियन हॉटेल त्यानंच सुचवलं. तो शाकाहारी होता, हेही बरंच झालं.

"लता कशी वाटली तुम्हाला?" तिनं विचारलं.

"प्रत्यक्ष भेटलो नाही अजून. पत्रं येतात. फार छान लिहिते."

"आणि लंडनमध्ये जेवायचं काय करता?"

"घरी खिचडी. शुक्रवारी मात्र इटालियन." तो एकदम खुलला. "आपल्यासारख्यांना तिथे तेच बरं, मावशी. सोहोत एक हॉटेल आहे, त्याच्या सूपमध्ये हाडांचं पाणी असतं हे तिसऱ्या खेपेला कळलं. ते सोडलं. पॅडिंग्टनला एक आहे, तिथला स्पॅगेटीचा सॉस आंबट. आता व्हिक्टोरियाच्या मागे एक छोटं सापडलंय. खिडकीजवळचं दोघांचं टेबल मालक राखूनच ठेवतो. म्हातारा मोठा गमत्या आहे. आल्या आल्या विचारतो, आज पर्समध्ये मिरच्या आहेत ना?"

"पर्समध्ये?"

शैलेंद्रचे कान लाल झाले. "म्हणजे… जेवण फार मिळमिळीत असतं तिथलं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठून गेला.

श्रीराम गार्लिक ब्रेडचा चौथा तुकडा उचलत म्हणाला, "मुलगा सालस आहे हं."

"दर शुक्रवारी बाई असते बरोबर. ऐकलं नाही का?"

"असेल ऑफिसमधली कुणी. एवढं काय सिरियसली घेतेस, यार?"

"मागच्या वेळी घेतलं नव्हतं," पद्मिनी म्हणाली, आणि श्रीरामनं तुकडा परत बशीत ठेवला.

तिला शैलेंद्रचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण मुलगा तिला मनापासून आवडला होता. वेटरशी अदबीनं बोलणारा, काकांच्या रटाळ गोष्टींना हसणारा. पण गोरी मेम असती तर एक वेळ सुटली असती. पर्समधून हिरव्या मिरच्या नेणारी बाई सुटत नाही.

तो परत येऊन बसला. पद्मिनीनं काटा खाली ठेवला.

"शैलेंद्र, मी आडपडदा ठेवत नाही. उद्या लताला पत्र टाकणार आहे. हा मुलगा नको म्हणून."

"का, मावशी?" त्यानं शांतपणे विचारलं.

"तिथे तुमच्याबरोबर जेवणारी ती कोण?"

श्रीराम मध्ये काहीतरी बोलू लागला, तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"मला खरं कळायलाच हवं. मी एकदा न विचारता पत्र लिहिलं आणि एका पोरीचा संसार मोडला. तिच्या बहिणीचं तसं होऊ देणार नाही. तुम्हाला राग आला, उठून गेलात तरी चालेल." तिचा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही. "सांगा. कोण आहे ती?"

शैलेंद्रनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"सुलभा," तो म्हणाला. "मावशीनं बघून हो म्हटलं तरच लग्न करीन, म्हणते."